पंगत उठल्यावर

मी सुभद्रा. चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे लिहिता येतं. माझी सून शैला एकदा वैतागून म्हणाली, "आई, आल्यागेल्याला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाचं वहीत लिहून ठेवा." ती वैतागून म्हणाली होती, मी मनावर घेतलं.

लिहायचं कारण सांगते. दवाखान्याच्या बाकावर मला माझ्यासारख्या बायका दिसतात. वाळलेल्या, दंडावरचा ब्लाउज सैल झालेला, हातात टॉनिकची बाटली. सोबत आलेला मुलगा नाहीतर सून डॉक्टरांना सांगत असते, "जेवण बरोबर आहे हो, पण अंगालाच लागत नाही." मला उठून काहीतरी सांगावंसं वाटतं. पण तोपर्यंत त्यांचा नंबर येतो आणि दार बंद होतं.

माझ्या आजाराला अकरा महिन्यांत चार नावं मिळाली. चारही चुकीची निघाली, आणि चारही वेळा भोगलं मीच.

बावीस ताटं

लालबागला आमच्या चाळीत दोन खोल्यांत माझी खानावळ होती. नवरा गिरणीत होता, मोहन सहा वर्षांचा असताना गेला. त्यानंतर मी पाळीवर जाणाऱ्या माणसांना जेवायला घालायला लागले ते सव्वीस वर्षं घातलं. सगळे आमच्या गावचे किंवा शेजारच्या दोन वाड्यांतले. बायकामुलं गावी, हे इथे एका खोलीत दहा-दहा जण. शेवटी शेवटी बावीस ताटं होती. पहिल्या पाळीचे, दुसऱ्या पाळीचे, रात्रपाळीचे, अशा दिवसाला तीन पंगती उठायच्या.

मी जेवायची सगळ्यांच्या शेवटी. यात त्याग-बिग काही नव्हता, कृपा करून तसं वाचू नका. खानावळवालीने आधी जेवायचं नसतं, एवढंच. माशाची आमटी किती उरणार हे आधी कसं कळणार? आणि खरं सांगायचं तर मला आधी भूक लागतच नसे. माणसं भाताचा डोंगर फोडताहेत, कोणीतरी बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवतोय, कोणी ठसकतोय, कोणी मिलमधल्या मास्तराला शिव्या घालतोय, हे सगळं बघता बघता माझ्या पोटात भूक तयार व्हायची. शेवटचा माणूस हात धुवायला उठला की मला अगदी कडकडून लागायची. मग मी दोन माणसांचं जेवायची.

आणखी एक सवय होती. जेवताना कोणीतरी विचारायचाच, "बाय, तू जेवलंस?" त्यावर "नाही" म्हटलं की तो माणूस दुसरी भाकरी मागायला लाजणार. म्हणून मी म्हणायची, "माझा झाला रे, तू जेव." सव्वीस वर्षं दिवसातून दहा वेळा हे खोटं बोलले. शेवटी शेवटी ते खोटं आहे हेच मला कळेनासं झालं. कोणी नुसतं "जेवण" म्हटलं की तोंडातून आपोआप "झालं" निघायचं. या एका शब्दाने मला पुढे जवळजवळ मारलं.

मग संप आला. माणसं "गावी जाऊन येतो बाय" म्हणत एकेक करून गेली. बाविसाची पंगत बाराची झाली, बाराची पाचाची झाली. एक दिवस मी तिघांसाठी भात लावला आणि तिघांतला एक आलाच नाही. मोहन तेव्हा भांडुपच्या एका कंपनीत लागला होता. तो म्हणाला, "आई, बस झालं आता. मुलुंडला चल. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलंस, आता आयतं खा."

तो प्रेमाने बोलला होता.

पालथं ताट

मुलुंडचा ब्लॉक झकास होता. तिसरा मजला, घरात नळ, घरात संडास, गॅसची शेगडी. तक्रार करावी असं काही नव्हतं, त्यामुळे तक्रार करायची तरी कशी हा प्रश्न होता.

मोहनची पाळी दर आठवड्याला बदलायची. शैला टेलिफोन एक्सचेंजमध्ये, तिचीही ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. दोघं आपापल्या कॅन्टीनमध्ये जेवायची. मूलबाळ तेव्हा नव्हतं. सुरुवातीला मी स्वयंपाक करायची, पण माझा हात मोठा. तांदूळ मापात घ्यायचा म्हटलं तरी दहा जणांचा भात व्हायचा. शैला फ्रीज उघडून बघायची आणि सुस्कारा सोडायची. "आई, एवढं कुणासाठी?" एक-दोनदा टाकून द्यावं लागलं. मग तिने स्वयंपाक स्वतःकडे घेतला. सकाळी निघताना ती माझं ताट वाढून वर दुसरं ताट झाकून जायची. कधी विसरली नाही, हे मी तिच्या बाजूने सांगते.

साडेबाराला मी ताटासमोर बसायची. समोर भिंत, भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर. भाजीचा एक घास घ्यायची आणि बस. घसाच बंद व्हायचा. भूक मेली होती असं नाही, ती उगवतच नव्हती. मग मी भात परत पातेल्यात, भाजी परत भाजीत आणि ताट विसळून पालथं घालायची. अन्न टाकायचं नाही, एवढंच डोक्यात. संध्याकाळी शैला पालथं ताट बघायची. "जेवलात ना आई?" "झालं माझं."

एकदा मी खालच्या वॉचमनला वर बोलावलं. उत्तरेकडचा माणूस, बायको गावी, डब्यात कोरडी रोटी. त्याला जिन्यात पाट मांडून बसवला आणि वाढलं. तो जेवत असताना मी दारात उभी राहिले आणि काय सांगू, मला भूक लागली. त्याच्यानंतर मी चांगली जेवले. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी मोहनला भेटले. जिन्यात उष्टं सांडतं, वॉचमन ड्यूटी सोडून वर जातो, उद्या चोरी झाली तर जबाबदार कोण? मोहन मला म्हणाला, "आई, इथे चाळीसारखं नाही चालत." मी पाट उचलून माळ्यावर टाकला.

त्यानंतर चार-पाच महिन्यांत माझ्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

चार नावं

स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले तेव्हा धावपळ सुरू झाली. आमच्याच इमारतीखाली एका डॉक्टरांचा दवाखाना होता. ते म्हणाले, "वय झालं." मी एकसष्टची होते. लाल रंगाचं टॉनिक दिलं. हे पहिलं नाव.

टॉनिकने काही झालं नाही, तेव्हा ते म्हणाले टीबी असेल. एवढं वजन उतरतंय म्हणजे टीबीच. छातीचा फोटो काढला, तीन दिवस सकाळचा बेडका डबीत घालून दिला. त्या तीन दिवसांत शैलाने माझा पेला वेगळा ठेवला. मला राग आला, पण तिची भीती खोटी नव्हती. टीबी निघाला नाही. पेला मात्र महिनाभर वेगळाच राहिला, कारण तो परत एकत्र करायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

तिसरं नाव कोणी मोठ्याने घेतलं नाही. मोहन आणि शैला बेडरूममध्ये हळू बोलायची आणि मी गेले की गप्प. पोटात गाठ असेल, असं त्यांना सांगितलं होतं. मला पांढरा खडूसारखा घोळ प्यायला लावला आणि मशीनखाली उभं केलं. रिपोर्ट यायला आठ दिवस होते. ते आठ दिवस मी खरोखर घाबरले. मरायची भीती नव्हती, म्हणजे होती, पण त्याहून जास्त भीती अशी की आपण जाऊ आणि चार दिवसांनी ताट झाकून जाण्याचं काम कमी झालं एवढाच फरक पडेल.

रिपोर्ट आला. डॉक्टर हसून म्हणाले, "काही नाही. सगळं नॉर्मल."

मोहनच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने डॉक्टरांना हात जोडले. मला मात्र टेबलावरचे कागद फेकावेसे वाटले. "काही नाही तर मी वाळते कशाने?" मी विचारलं.

डॉक्टरांनी मोहनकडे बघून उत्तर दिलं. म्हातारं माणूस दवाखान्यात गेलं की त्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याच्याबद्दल बोलतात. "जेवण कसं आहे यांचं?" त्यांनी विचारलं. मोहन म्हणाला, "व्यवस्थित. ताट रिकामं असतं." मग त्यांनी मला विचारलं, "काय आजी, जेवण जातं ना?" आणि मी, शहाणी बाई, म्हणाले, "हो, होतं ना."

चौथं नाव तिथेच पडलं. मनाचं आहे. जुनं घर सुटलं की म्हाताऱ्या माणसांना असं होतं. झोपेच्या गोळ्या दिल्या. वजनाच्या काट्यावर उभी केली तर चौतीस किलो भरले.

त्या संध्याकाळी मोहनने निर्णय सांगितला. "मे महिन्यात तुला गावी ठेवतो. हवा चांगली आहे, माणसांत राहशील." गावचं घर तीन वर्षं कुलपात होतं. जाऊबाई होती ती गेली. तिथे हाकेच्या अंतरावर कोणी राहत नव्हतं. मला कळून चुकलं की त्या घरात मी दोन महिने काढणार नाही. मी मोहनला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "मग इथे अंगावर मांस धर ना आई. चाळीस किलो भर, कशाला पाठवतो?"

जसं काही मी हट्टाने बारीक होत होते.

खाट नंबर सतरा

मार्चमध्ये पुन्हा पडले. या वेळी रक्त अगदीच कमी निघालं म्हणून म्युनिसिपालिटीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात भरती केलं. नाव लिहीत नाही. रक्ताची बाटली लावली, मग रोज कमरेत लोखंडाची इंजेक्शनं. दुखायचं फार.

वॉर्डात तीस खाटा होत्या. सकाळी सहाला दिवा, साडेसहाला झाडूवाली, सातला चहा, नऊला मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे शिकणारी पोरं. बारा वाजता जेवणाची गाडी. ती गाडी आली की सगळ्या बायका उठून बसायच्या. पाणीदार वरण, गिचका भात, उकडलेला भोपळा. माझ्या बावीस जणांनी ते ताट माझ्या अंगावर भिरकावलं असतं.

शेजारच्या सोळा नंबरला तारा होती. माझ्याच वयाची, मानखुर्दला राहणारी. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, आता घरी. साखरेच्या आजाराने पायाला जखम झाली होती, ती भरत नव्हती. मुलगा सरकारी कचेरीत क्लार्क. रोज संध्याकाळी येऊन तो सगळ्या नर्सना जयभीम घालायचा आणि आईची ओरडाआरड ऐकून जायचा.

पहिल्या दिवशी मी ताट बाजूला सारलं. तारा म्हणाली, "काय गं ए मुलुंडवाली, जेवत का नाहीस?"

"झालं माझं," मी म्हणाले.

"काय झालं? ताट तर भरलेलं हाय. मी काय आंधळी हाय का?"

सव्वीस वर्षांत आणि वर एका वर्षात हे मला कोणी म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, मुलाने नाही. ती आपला दुखरा पाय खाली सोडून माझ्याकडे तोंड करून बसली. "हे बघ, मला एकटीला घास उतरत न्हाई. इकडं तोंड कर आणि भोपळ्याला शिव्या घाल. मी पण घालते."

आम्ही शिव्या घातल्या. अठरा नंबरची गुजराती बाई हसायला लागली. इकडून तिकडून चमचे वाजत होते, कोणी मीठ मागत होतं, कोणी वॉर्डबॉयला आणखी भात मागत होतं. मी ताट साफ केलं. तो भोपळा. मला स्वतःचीच लाज वाटली.

सोळा दिवसांत माझं वजन चार किलो वाढलं. राउंडला आलेले मोठे डॉक्टर पोरांना म्हणाले, "बघा, इंजेक्शनचा रिझल्ट." पोरांनी लिहून घेतलं.

पुन्हा तेच

घरी आले आणि पुन्हा उतरले. तीन आठवड्यांत तीन किलो. इंजेक्शनं तीच, गोळ्या त्याच, वर शैलाने खजूर आणि अंडी आणलेली. आता मला दिसत होतं काय चाललंय ते. दिसत होतं म्हणून जास्त चीड येत होती.

तपासणीला गेले तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, चेहऱ्याने चांगल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. म्हटलं, "मला माणसांत बसल्याशिवाय जेवण जात नाही. औषध लिहून द्यायचं तर ते लिहा." त्या हसल्या. "आजी, घरी टीव्ही लावून बसत जा जेवायला." आणि कागदावर दुसऱ्या टॉनिकचं नाव लिहिलं.

मग घरी सांगितलं. पहिल्यांदाच खरं सांगितलं, की ताट मी पातेल्यात रिकामं करत होते. शैला रडायला लागली. "म्हणजे लोक म्हणणार आम्ही तुम्हाला उपाशी ठेवलं." मोहन चिडला. "वर्षभर आम्ही डॉक्टरांच्या दारात, आणि तू खोटं बोलत होतीस?"

दोघांचंही बरोबर होतं. माझंही चूक नव्हतं.

रविवारी दोघांनी ठरवून माझ्याबरोबर जेवायला बसायचं केलं. टेबलावर तिघं. मी घास उचलला की चार डोळे त्याच्याबरोबर वर यायचे. मी गिळला की मोहन "शाब्बास" म्हणायचा. तिसऱ्या घासानंतर मी ताट बाजूला सारलं. त्यांना काय सांगणार? पंगतीत कोणी कोणाकडे बघत नाही, प्रत्येक जण आपल्या ताटात असतो, तरी सगळे असतात. हे लहानपणी माझ्याच पंगतीत वाढलेल्या मुलाला समजावून सांगायची वेळ यावी, याचा मला फार त्रास झाला. मोहनने दुसऱ्या दिवशी गावच्या एसटीची चौकशी केली.

बस

पुढच्या तपासणीला ड्रेसिंगच्या रांगेत तारा भेटली. मला बघून म्हणाली, "वाट लागली की गं तुझी." मी म्हटलं, "मे महिन्यात गावी पाठवताहेत." तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या गल्लीत दुपारी आम्ही चौघी माझ्या ओट्यावर बसतो. ज्याचं त्याने आणायचं, मी आमटी करते. तू ये. पत्ता घे लिहून."

मुलुंडहून घाटकोपर, तिथे बस बदलून मानखुर्द. चौतीस-पस्तीस किलोच्या बाईला हा प्रवास सोपा नाही. आठवड्यातून तीन दिवस जायला लागले. निघताना डब्यात दोन भाकऱ्या आणि सुकं काहीतरी. मोहनला आवडलं नाही. "इमारतीत विचारतात, आई डबा घेऊन कुठे जाते. काय सांगू मी? घरात जेवत नाही म्हणून दुसऱ्यांकडे जाते?" मी म्हटलं, "तेच सांग." त्याने सांगितलं नाही. कामाला जाते असंही सांगितलं नाही, हे नशीब.

एप्रिल संपताना वजन सदतीस भरलं, मे महिन्यात एकोणचाळीस. गावी जाणं आधी पुढे ढकललं, मग त्याचं नावच कोणी काढेना. खालचे डॉक्टर खूश झाले आणि म्हणाले की नवीन टॉनिक लागू पडलं. मी ते टॉनिक फोडलंसुद्धा नव्हतं. बाटली त्यांच्या टेबलावर ठेवून आले. त्यांनी काही विचारलं नाही. मला अजूनही वाटतं की त्यांनी विचारायला हवं होतं.

माझ्यासारखं कोणी घरात असेल तर डॉक्टरला सांगताना ताट रिकामं आहे एवढ्यावर थांबू नका. ते माणूस कोणाबरोबर जेवतं, की कोणाबरोबरच नाही, हेही सांगा. डॉक्टर ऐकणार नाहीत बहुतेक. तुम्ही तरी ऐका.

लिहायचं राहिलेलं

मानखुर्दच्या पहिल्या दिवसाचं लिहायचं मी टाळत होते. शैलालाही सांगितलेलं नाही. पण हे सोडलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

गल्ली अरुंद होती, पण स्वच्छ. ओट्यावर सतरंजी. तारा, तिच्या तीन शेजारणी आणि मी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. ताटं मांडली. मला खूप दिवसांनी बरं वाटत होतं, त्यामुळे मी बोलत सुटले. माझी खानावळ, बावीस ताटं, तीन पंगती, बांगड्याचं सार, सोलकढी, अमका किती भाकऱ्या खायचा, तमका कसा ठसकायचा. बायका हसत होत्या. त्यांच्यातली एक, हौसाबाई, हिचा नवराही गिरणीत होता. ती सहज म्हणाली, "तुझ्या पंगतीत आमच्यातलं कोण होतं गं?"

सहजच विचारलं तिने. तिला वाटलं असणार, एवढी बावीस माणसं, असेल एखादा.

मला सांगता आलं असतं की सगळे आमच्या गावाकडचेच होते. ते खोटंही नव्हतं. पण मला एकदम तो माणूस आठवला. माझ्या पंगतीत जेवणाऱ्या दत्तारामचा गिरणीतला दोस्त. दत्ताराम त्याला एक दिवस घेऊन आला, म्हणाला, बाय, ह्याचीपण सोय कर, ह्याचे हाल होताहेत. मी नाव विचारलं, गाव विचारलं, मग वाडी विचारली. वाडी ऐकल्यावर म्हटलं, जागा नाही. त्याला दारातच चहा दिला. निघताना तो कप स्वतः विसळून ठेवून गेला. त्या आठवड्यात दोघं गावी गेले होते. जागा होती.

त्याचं नाव मला आता आठवत नाही. नाव विचारणारी मीच होते.

मी हे सगळं सांगितलं. हौसाबाईने हातातला घास ताटात ठेवला. माझ्या ताटात भात होता, आमटी अजून वाढायची होती. पळी ताराच्या हातात होती. पंगतीत पहिल्यांदाच मी वाढून घेणारी होते, आणि समोरची बाई वाढेल की नाही हे मला माहीत नव्हतं. पोटात मरणाची भूक लागली होती. अशा वेळी भूक लागते याचा मला राग आला.

"उठू का मी?" मी विचारलं.

ताराने माझ्या ताटातल्या भाताकडे पाहिलं. मग तिने पळी पातेल्यात घातली.

"जागा नव्हती म्हणून ठोकून दिलं असतंस, तर उठवली असती," ती म्हणाली. "आता बस. ताट पुढं कर."

मी ताट पुढे केलं.